मागच्या सीटवरचा झेंडू

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, की माझ्या थोरल्या साडूंच्या विलायती गाडीत नारळ ठेवायला मी सांगितलं होतं. नारळ, पाच लिंबं, मूठभर तांदूळ आणि झेंडूचा हार. या सामानानं काय घडलं ते कळायचं तर आधी साडू कळायला हवेत. त्यांच्याबद्दल माझं ठाम मत असं, की देवावर इतका कमी आणि फूटपट्टीवर इतका जास्त भरवसा असलेला माणूस कोल्हापुरात दुसरा झाला नाही. होणारही नाही, कारण तसा दुसरा घडवायचा तर त्याचा साचा साडूंनाच करायला सांगावं लागेल, आणि ते म्हणतील, मागणी किती नगांची हाय?

उद्यमनगरात त्यांचं पॅटर्नचं वर्कशॉप आहे. फौंड्रीत लोखंड ओतायचं तर आधी वाळूत त्या वस्तूचा ठसा उठवावा लागतो, आणि ठसा उठवायला तीच वस्तू लाकडात करून घ्यावी लागते. ती लाकडी वस्तू म्हणजे पॅटर्न. तो खऱ्या वस्तूपेक्षा किंचित मोठा करतात, कारण ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. चाळीस वर्षं हे आकसणं धरून चालल्यामुळे साडूंनी ते सगळ्या जगालाच लागू केलं. चपला एक नंबर मोठ्या घेतात. लग्नाची वेळ पत्रिकेत अकराची असेल तर पावणेबाराला निघतात. माझ्या थोरल्या मुलाला बारावीच्या वर्षी मी नव्वद टक्क्यांची अपेक्षा आहे म्हणालो, तेव्हा त्यांनी पोराला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आकुंचन धरलंय न्हवं?" निकाल लागल्यावर कळलं, की मी धरलं नव्हतं.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्निअर असतो. जेवायला बसले, की पहिली भाकरी ताटात पडताच त्यानं तिची जाडी मोजून मोठ्यानं जाहीर करतात. त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्या आक्का, चुलीपाशी पाठमोऱ्या असत. जाडी ऐकून त्यांच्या खांद्यांवरनं हसू कळायचं. दुसरा कुणी नवरा असं करता तर ताटासह बाहेर गेला असता. पण साडूंनी कौतुक करायची ही एकच रीत शिकून घेतली होती, हे आक्कांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं असावं.

देवाधर्माचं मात्र नाव नाही. घर घेतलं ते पितृपक्षात, कारण त्या पंधरवड्यात दुसरं गिऱ्हाईक नसतं. ग्रहण लागलं, की मुद्दाम चौकात जाऊन उघड्यावर मिसळ खातात. कुणाच्या गाडीला लिंबू-मिरची दिसली तर थांबून मालकाची चौकशी करतात. "लिंबू सरबताला असतंय, पावणं," मला म्हणतात, "गाडीला हवा असती. हवा बघिटली का शेवटची कधी?" आक्का दर रविवारी जोतिबाला जातात, त्याला साडूंची हरकत नाही, ते त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडतात आणि देवाला नमस्कार सांगायला सांगत नाहीत. वर्षातनं एकच सवलत होती. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आक्का वर्कशॉपात यायच्या. करवतीला, रंध्याला, लेथला हळदकुंकू लावायच्या, खिशातला व्हर्निअरसुद्धा साडू मुकाट काढून पुढं धरायचे. मग आक्का मालकाच्या खुर्चीत बसून कामगारांना पेढे वाटायच्या, कुणाच्या घरी काय चाललंय ते विचारायच्या. तेवढा एक दिवस वर्कशॉप त्यांचं असायचं. लग्नापासून एकही साल चुकलेलं नव्हतं.

मी या बाबतीत साडूंच्या बाजूचा नाही, आणि तसं कधी बोललोही नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क आहे. न बोलणं हाच माझा धंदा. पहिली स्कूटर मी साडूंच्या सल्ल्यानं सर्वपित्री अमावस्येला घेतली. चौथ्या दिवशी रंकाळ्याच्या वळणावर पडलो आणि पुढचा दात गेला. साडू भेटायला आले ते आधी स्कूटरला भेटले. "मागचा ब्रेक सोडून तुमी फुडचा दाबलासा," म्हणाले. "पितरांचा ह्येच्यात काय संबंध न्हाय." मी मान हलवली. त्या दिवसापासून माझ्या स्कूटरच्या डिकीत कागदात गुंडाळलेलं एक लिंबू असतं. एकदा आक्का भाजीची पिशवी डिकीत ठेवायला गेल्या तेव्हा त्यांना ते दिसलं होतं. त्यांनी कागद पुन्हा नीट गुंडाळून ठेवला.

आता गाडी. आपल्याकडच्या फौंड्र्यांना परदेशातनं कामं येतात, त्यातलं एक लहानसं काम साडूंच्या वाट्याला आलं: इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या जुन्या मोटारीला पाण्याचा पंप मिळत नव्हता, त्याचं बाहेरचं कवच ओतून हवं होतं. नमुन्याला फुटका पंप आला. साडूंनी तो आठ दिवस टेबलावर ठेवून नुसता पाहिला. माणसं रूपावर भाळतात, आवाजावर भाळतात. साडू पंपावर भाळले. "ह्यो ज्यानं केलाय त्यानं एक सूत कुठं लबाडी केल्याली न्हाय," असं ते मला सांगत होते, तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदा जरा ओला ऐकला. मोटार निघाली साडूंच्या जन्मवर्षाची. नवा पंप तिकडं बसला, आणि साहेबांचं पत्र आलं, की मला मूलबाळ नाही, गाडी आता माझ्याच्यानं चालवत नाही, आणि माझ्या पाहण्यात तिचा पंप समजलेला माणूस एकच आहे. पन्नाशी ओलांडलेली गाडी आपल्याकडं नावावर आणता येते, नियमात बसत होतं. साडूंनी पत्र माझ्याकडनं तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "लिवा. हो म्हणून लिवा."

साडूंचं इंग्रजी मिलिमीटरशी सुरू होऊन मिलिमीटरशी संपतं. त्यामुळे पत्रव्यवहार माझ्याकडं आला. दर रविवारी सकाळी मी वर्कशॉपात बसायचो, सागवानाच्या भुश्शात, मांडीवर लॅपटॉप. साडू स्टुलावर बसून सांगायचे, मी लिहायचो. "डाव्या अंगाचं फुडचं दार लावताना आवाज कसा येतोय, विचारा." पुढच्या रविवारी साहेबांचं उत्तर यायचं, त्यात दाराच्या आवाजावर सात ओळी. साडू डोळे मिटून ऐकायचे. त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नाही, पण मी दोघांच्या मधे बसलेला असताना मला पुष्कळदा वाटायचं, की आपण इथं नसलो तर बरं.

दरम्यान शिवाजी पेठेतल्या बोळातनं गाडी घरापर्यंत येईल का, हा प्रश्न उभा राहिला. दुसऱ्यानं टेप घेऊन बोळ मोजला असता. साडूंनी साहेबांकडनं मापं मागवून अख्ख्या गाडीचा लाकडी सांगाडा केला, खाली चाकं लावली, आणि एका सकाळी तो पेठेतनं ढकलत आणला. तालमीतली पोरं ढकलायला, साडू पुढं उलटे चालत. "दादा, ॲव्हरेज किती देती?" कट्ट्यावरनं कुणी तरी ओरडलं. "वाळवी लागंल तोवर चालंल की," दुसरा म्हणाला. साडूंनी मान वर केली नाही. वळणावर एका घराच्या ओट्याला सांगाडा अडला. दोन इंच. ओटेवाल्या आजोबांशी साडूंनी वाद घातला नाही. त्यांच्या मोडक्या देवघराला नवी सागवानी चौकट करून दिली आणि ओट्याची कड तासून घेतली. देवासाठी त्यांनी केलेलं माझ्या माहितीतलं ते एकमेव काम.

गाडी निघायच्या आधीच्या रविवारी शेवटचं पत्र लिहून झालं आणि साडू हात धुवायला गेले. त्यांना हात धुवायला बराच वेळ लागतो. नखात अडकलेला भुसा ते ब्रशनं काढतात. मी एकटा होतो. ती गाडी आता सात समुद्र ओलांडणार, साडू ती मुहूर्त-बिहूर्त न बघता चालवणार, आणि शेजारी आक्का बसणार, हे सगळं मला एकदम दिसलं. जीभ दात नसलेल्या जागी गेली. मी पत्राच्या खाली चार ओळी जोडल्या: आमच्याकडं गाडी लांबच्या वाटेला निघताना तिच्यात नारळ, पाच लिंबं, मूठभर तांदूळ आणि झेंडूचा हार ठेवतात, जमल्यास ठेवावं, घरच्यांची तशी इच्छा आहे. साडू टॉवेलला हात पुसत आले तोवर पत्र गेलं होतं.

त्याच आठवड्यात बंदरावर द्यायचा फॉर्म मीच भरला. गाडीत अन्य सामान आहे का? नाही. माती, झाड, बी, फळ? नाही. हे कुणाला खरं वाटणार नाही, पण तो फॉर्म भरताना मला नारळ आठवला नाही. म्हणजे आठवला, पण नारळ हे फळ आहे असं काही मनात आलं नाही. तांदूळ हे बी आहे, हेही आलं नाही. अक्षता म्हणजे अक्षता. साडूंनी खाली सही केली, सहीच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा सारखी ठेवून.

दीड महिन्यानं कंटेनर उघडायचा होता, त्या दिवशी मी रजा टाकून साडूंकडं गेलो. आम्ही जेवायला बसलो होतो, आक्का वाढत होत्या, आणि बंदरावरच्या एजंटाचा फोन आला. साडूंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"गाडी उघडली, साहेब," एजंट म्हणाला. "आत शेती आहे."

"आत काय हाय?"

"शेती. नारळ एक, नासलेला. लिंबं पाच, बुरशी आलीये. तांदूळ एक किलो, त्यात किडे. आणि मागच्या सीटवर झेंडूचं रोप आहे, कुंडीत. मातीसकट. पट्ट्यानं बांधलंय."

"पट्ट्यानं," साडू म्हणाले.

"आडवं पडू नये म्हणून असेल. एक चिठ्ठी पण आहे, वाचतो. घरच्यांच्या विनंतीवरून. हार मिळाला नाही, क्षमस्व, सबब रोप ठेवलं आहे. मूठ किती मोठी हे कळवलेलं नसल्यामुळे तांदूळ एक किलो." कागद घडी केल्याचा आवाज आला. "साहेब, तुम्ही काहीच नाही म्हणून लिहून दिलंय. परदेशी माती आहे. गाडी अडकली. परतसुद्धा पाठवतील."

चूक बंदरावरच्या ऑफिसची नव्हती. त्यांनी जे करायला हवं तेच केलं. साडूंनी फोन ठेवला, हात धुतला. घरात ती दोघंच राहतात. मुलगी मलकापूरला दिलेली. घरच्यांची इच्छा म्हणजे कुणाची, याला फार मोजमाप लागत नव्हतं. साडूंनी आक्कांकडं पाहिलं. मी तोंड उघडलं, हे मी शपथेवर सांगतो. पण आक्कांनी माझ्याकडं पाहिलं, एकदाच, आणि परात खाली ठेवून म्हणाल्या, "मीच दाजींच्या मागं लागले, लिवा म्हणून. ते नको नको म्हणत हुते."

दाजी म्हणजे मी. माझं उघडलेलं तोंड मिटलं.

साडू कधी आवाज चढवत नाहीत. ते माझ्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा काय दोष न्हाय, पावणं. बाईमाणसाच्या हट्टाफुडं तुमी काय करणार?" संध्याकाळी ताटात भाकरी पडली, ती त्यांनी न मोजता खाल्ली.

पुढचे पाच महिने मी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं इंग्रजी लिहिलं. खुलासे, विनंत्या, माफ्या, खुलाशांचे खुलासे. शेवटी कुंडी आणि नारळ जाळून टाकायचे, दंड भरायचा आणि गाडीला कीडनाशक धूर द्यायचा, यावर मिटलं. आयुष्यभर उदबत्तीचा वास सहन न केलेल्या माणसाच्या गाडीला सरकारनं रीतसर धुपारती केली आणि तिचं सर्टिफिकेट दिलं. साडूंनी ते फाईलला लावलं.

गाडी पेठेत आली त्या दिवशी ओट्यापाशी दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच जागा राहिली, आणि सगळ्या बोळानं टाळ्या वाजवल्या. आक्का दारात उभ्या होत्या, मोकळ्या हातांनी. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा चुलीपाशी औक्षणाचं ताट भरून ठेवलेलं होतं. निरांजनात वातही घातली होती. ते तिथंच राहिलं.

साडूंचा राग गेला, पण जाताना त्याची गोष्ट झाली. गाडी बघायला जो येईल त्याला ते बॉनेट उघडून आधी पंप दाखवतात आणि मग मागची सीट दाखवून सांगतात, "आमच्या मिसेसनी हितनं हुकूम सोडला, साहेबानं झेंडू पाठवला. पट्टा लावून!" माणसं पोट धरून हसतात. आक्काही हसतात, चहा देतात. गोष्ट आता पुष्कळ वाढली आहे. साडूंनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मापाला आकुंचन न धरता फुगवटा धरला. आणि सगळ्यात वाईट हे, की ते मधेच एखादा तपशील विसरले, तर तो मी पुरवतो. "तांदूळ, दादा," मी म्हणतो. "एक किलो."

गेल्या खंडेनवमीला आक्कांनी पेढे आणून ठेवले होते. साडू शर्ट घालता घालता म्हणाले, "आता वर्कशॉपात कुंकू-बिंकू नको. एकदा बघितलं ते बास झालं." भांडून नाही, साध्या आवाजात. आक्कांनी घरातल्या विळीची आणि पाट्यावरवंट्याची पूजा केली. कामगारांचे पेढे मीच वर्कशॉपात पोचवले. मालकाची खुर्ची रिकामी होती आणि कुणालाही आपल्या घरचं काय सांगावं हे सुचत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी आक्कांशी बोलायला गेलो. दारातच घुटमळलो. त्याच म्हणाल्या, "दाजी, त्या दिवशी तुमचं नाव आलं असतं तर ह्यांनी पुन्हा तुमास्नी पत्राला हात लावू दिला नसता. मग गाडी कोण सोडवणार हुतं? मला काय इंग्रजी येतंय?" मी विचारलं, आता सांगू का? त्या पेढ्याचा रिकामा पुडा घडी करत होत्या. "आता काय सांगताय," म्हणाल्या, "हसत्यात लोकं. ह्यास्नी बी बरं वाटतंय. ऱ्हाऊ दे." मी ते ताबडतोब मान्य केलं. ज्या चपळाईनं मान्य केलं, तिची मला आजही लाज वाटते.

साडू रविवारी सकाळी गाडी काढतात. पन्हाळ्याच्या रस्त्यानं, ताशी तीसच्या वर नाही, मागं ट्रकची रांग लागते आणि ती रांग त्यांना मानवंदना वाटते. मी शेजारी असतो. आक्का त्या वेळी जोतिबाला गेलेल्या असतात. परवा वाघबिळाच्या चढाला ते इंजिनाचा आवाज ऐकत होते. साहेबांचं नवं पत्र आलं होतं, झेंडूला फुलं आली का विचारणारं, आणि उत्तरात काय लिहायचं ते मी विचारलं होतं.

"जाळला म्हणून लिवा. खरं त्ये लिवा," ते म्हणाले. मग रस्त्यावरची नजर न काढता, "नारळाचं मला काय वाटलं न्हाय, पावणं. गाडी काय, आज न्हाय तर उद्या सुटली असती. पर ती माझ्या मागं, मला न सांगता काय करत्या, ह्ये मला चाळीस वर्षांत पयल्यांदा कळलं. दुसरं काय काय असंल, म्हणून वाटत ऱ्हातंय. मोजाय गेलं तर मोजता बी येत न्हाय." एवढं बोलून त्यांनी गिअर बदलला. मी म्हणालो, "असं काही नसतं, दादा." म्हणजे पुन्हा काहीच म्हणालो नाही.

साहेबांना मी खरं लिहिलं, झेंडू जाळला म्हणून. खंडेनवमीला अजून तीन आठवडे आहेत. नारळ मी मागवला होता, आक्कांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं, हे साडूंना त्याआधी आक्कांच्या देखत सांगायचं देणं मी लागतो.